कणकवलीतल्या वकील मॅडम: हयगयीने गाडी चालवल्याची पोलीस नोटीस आली असेल तर वाचा

नाव लिहीत नाहीय, आधीच सांगते. बार कौन्सिलच्या नियमांत वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, ३६ नंबरचा नियम, आणि मॅडमनी स्वतःच सांगितलं की माझं नाव, नंबर कुठे टाकू नको. पण कणकवली कोर्टाच्या आसपास कुठल्याही झेरॉक्सवाल्याला विचारा की अपघाताच्या केसेस बघणाऱ्या मॅडम कुठे बसतात, तो जिना दाखवेल. मला लिहायचंच होतं कारण आमच्याकडे आता घरोघरी गाड्या आहेत, हायवे दारातून गेलाय, आणि पोलिसांची नोटीस आली की माणसं वकिलाकडे सगळ्यात शेवटी जातात. आधी गावातला पुढारी, मग ओळखीचा हवालदार, मग ठाण्याच्या बाहेर टपरीवर बसणारा एजंट, हे सगळं फिरून झालं की वकील, आणि तोपर्यंत नोटिशीतली तारीख उलटून गेलेली असते.

आमचं प्रकरण असं. मे महिना, आंब्याचा सीझन, दादा पेट्या पोचवून रिकामी बोलेरो पिकअप घेऊन येत होता, गाडी बाबांच्या नावावर. मुंबई-गोवा हायवे चौपदरी झाल्यापासून दुभाजकात वळायला जे मिडलकट ठेवलेत त्यातल्या एकातून पलीकडच्या पेट्रोल पंपावर जायला त्याने उजवा इंडिकेटर दिला, वेग कमी केला, समोरून गाड्या येत होत्या म्हणून जवळजवळ थांबलाच होता आणि मागून आलेली बाईक हौद्याच्या उजव्या कोपऱ्यावर आदळली. पोरगा पडला, पायाला आणि कोपराला लागलं, टाके पडले, नशिबाने हाड मोडलं नाही. दादाने त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, स्वतः ठाण्यात फोन करून कळवलं. फिर्यादीत मात्र नेहमीचं वाक्य आलं, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून वगैरे. पिकअप ठाण्यात नेऊन लावली आणि काही दिवसांनी दादाच्या व्हॉट्सअपवर नोटीस आली, बाबांना वेगळा कागद हवालदार घरी देऊन गेला.

त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर जेवढी माणसं तेवढे सल्ले. एक म्हणाला जाऊच नका, व्हॉट्सअपवर आलेली नोटीस चालत नाही. एजंटने निरोप पाठवला की रक्कम द्या, मिटवतो. आणि एका काकांनी (ते मनाने चांगलेच आहेत, वाईट हेतू नव्हता) सांगितलं की ड्रायव्हर म्हणून दुसऱ्या कोणाचं तरी नाव लावा, ट्रान्सपोर्टचं लायसन असलेल्याचं, म्हणजे इन्शुरन्सवाले नाटक करणार नाहीत. बाबा हे सगळं ऐकून इतके गोंधळले की रात्री जेवले नाहीत. अटक होणार का, एवढंच विचारत होते.

मॅडमकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिली दहा मिनिटं काहीच सांगितलं नाही, फक्त दोन्ही कागद वाचले, मागून पुढून, शिक्का, तारीख, जावक नंबर, आणि पेन्सिलने कलमांखाली रेघा मारल्या. मग बाबांकडे बघून मालवणीत म्हणाल्या, "काका, घाबरतास कित्याक? ह्या जामीनपात्र आसा." त्या एका वाक्याने बाबांचा चेहरा बदलला. माझ्या मते निम्मी फी तिथेच वसूल झाली.

मग त्यांनी एकेक कलम समजावलं आणि हे मी इथे सविस्तर लिहितेय कारण आम्हाला कोणीच आधी सांगितलं नव्हतं. भारतीय न्याय संहिता कलम २८१ म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार गाडी चालवणं, जुन्या दंड संहितेतलं २७९, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १२५ (अ) म्हणजे अशा कृत्याने दुखापत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक वाहन चालवणं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दंडच १००० ते ५००० आणि कैदेचीही तरतूद. नव्या संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यात त्यामुळे गावात अजून सगळे जुनेच नंबर बोलतात आणि गोंधळ होतो. दादाची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास, अटक कशी करायची ते सांगणारा नवा कायदा) कलम ३५ (३) खाली होती, म्हणजे अटकेची गरज नाही पण चौकशीला हजर राहा. सांगितल्याप्रमाणे हजर राहिलात तर खास कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि गेलाच नाहीत तर मात्र तेच अटकेचं कारण होऊ शकतं. म्हणजे ओटीवरचा "जाऊच नका" हा सल्ला दादाला सरळ लॉकअपच्या दाराशी नेणारा होता.

व्हॉट्सअपचा मुद्दा खरा निघाला. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की अशी नोटीस व्हॉट्सअपवर पाठवली तर ती रीतसर बजावली असं धरायचं नाही. मी लगेच म्हटलं मग झालंच की. मॅडम म्हणाल्या, नाही, तो मुद्दा कोर्टात लागला तर वापरू, आज आपण तो धरून घरी बसायचं नाही, आज आपण लेखी कळवायचं की नोटीस अशी अशी मिळाली, कागदी प्रत द्यावी, आणि दिलेल्या तारखेला आम्ही येतोय. मला ही गोष्ट फार आवडली. हुशारी दाखवायची संधी होती आणि त्यांनी पक्षकाराच्या फायद्याचं केलं.

बाबांचा कागद मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ चा होता, गाडीच्या मालकाने ड्रायव्हर कोण होता ते सांगायचं. काकांचा सल्ला बाबांनी चाचरत त्यांच्यापुढे मांडला तेव्हा मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. म्हणाल्या, आत्ता तुमच्या मुलावर साधं जामीनपात्र कलम आहे, खोटा ड्रायव्हर उभा केलात तर तुम्ही दोघं आणि तो तिसरा, तिघंही खोटी माहिती दिल्याच्या भानगडीत अडकाल, आणि अपघातानंतर स्वतः फोन करून कळवणारा तुमचा मुलगाच आहे हे ठाण्याच्या रेकॉर्डला आहे. आणि ज्या लायसनच्या भीतीने हे चाललंय ती भीतीच उरलेली नाही, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलंय की साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन असलेला माणूस ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो, वेगळा शेरा लागत नाही. आमची पिकअप त्याच्या कितीतरी खाली. आमच्याकडे आंब्याच्या, मासळीच्या, चिऱ्याच्या गाड्या चालवणारी अर्धी पोरं एलएमव्हीवरच आहेत, त्यांच्या घरी हे कळायला हवं.

१३३ चं उत्तर चार ओळींचं झालं. माझा मुलगा अमुक, लायसन नंबर तमुक, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या प्रती सोबत, संपलं. बाबांना ठाण्यात बोलावलं होतं त्यावरही त्यांनी अर्ज दिला, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साठीच्या वरच्या माणसाला साक्षीदार म्हणून राहत्या जागेशिवाय दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही. बाबांचा जबाब मग घरीच झाला, हवालदार आले, चहा घेतला, व्यवस्थित लिहून घेऊन गेले. इतकं साधं असतं हे, पण मागावं लागतं आणि कागदावर मागावं लागतं.

आता दादाचं उत्तर. दादाने आदल्या रात्री स्वतः एक पत्र लिहून आणलं होतं, पानभर, त्यात त्या बाईकवाल्या पोराने दारू प्यायली असेल, हेल्मेट नव्हतं, आजकालची मुलं कशी चालवतात, सगळं होतं. मॅडमनी ते पूर्ण वाचलं आणि विचारलं, दारूचा वास तुला स्वतःला आला होता का? दादा म्हणाला नाही, लोक म्हणत होते. त्यांनी ते वाक्य खोडलं. मग दुसरं खोडलं, मग तिसरं, शेवटी उरलं ते एवढंच की मी कुठे होतो, इंडिकेटर दिला होता, गाडी थांबण्याच्या बेतात होती, धडक मागच्या उजव्या कोपऱ्याला बसली, जखमीला मी दवाखान्यात नेलं, ठाण्यात मी कळवलं, आरोप मान्य नाही, तपासाला सहकार्य करेन. जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये लिहिलेलीच आहे, दादाने ती माणुसकी म्हणून केली होती पण उत्तरात ती कलमासकट आली. मागण्याही स्पष्ट, पंपाचं सीसीटीव्ही फुटेज ताब्यात घ्यावं, पंपावरच्या मुलांचे जबाब घ्यावेत, पंचनाम्यात गाडीला नेमकी कुठे डेंट आहे ते यावं, आरटीओच्या तपासणीत इंडिकेटर आणि ब्रेकलाईट चालू आहेत का ते नोंदवावं.

फुटेजच्या बाबतीत तर मी त्यांना शंभर पैकी शंभर देईन. पंपाच्या डीव्हीआरवर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, आणि बहुतेकांना हे आठवतं तेव्हा उशीर झालेला असतो. मॅडमनी उत्तराच्याही आधी, आम्ही समोर बसलेलो असतानाच, तपासी अंमलदारांना एक आणि पंपाच्या मालकाला एक असे दोन अर्ज टाईप करून घेतले की त्या तारखेचं, त्या तासाचं फुटेज जपून ठेवा. मी म्हटलं मी जाऊन मोबाईलमध्ये स्क्रीनचं शूटिंग करून आणते. त्या म्हणाल्या तुझ्या समाधानासाठी आण, पण कोर्टात पुरावा म्हणून ते टिकवणं कठीण, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा, तोसुद्धा लिहावा लागतो, त्यामुळे पोलिसांनीच रीतसर जप्त केलेलं बरं. आणि कुठल्याही ग्रुपवर टाकू नको, हे दोनदा सांगितलं.

प्रत्येक कागदाची पोच. यावर त्यांचा भारी कटाक्ष आहे. आम्ही दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, वेळ. ठाण्यात एकाने सांगितलं ठेवून जा, साहेब आले की देतो, तर मॅडमनी शांतपणे सांगितलं की मग आम्ही बाकड्यावर बसतो. बसलो. शिक्का मिळाला. नोटीस ज्या लखोट्यातून येते तो लखोटासुद्धा फेकू नका असं त्यांनी सांगितलं, कारण १८४ साठी मोटार वाहन कायद्याच्याच कलम २०९ मध्ये अट आहे की घटनेच्या वेळीच ताकीद दिलेली असावी किंवा १४ दिवसांत नोटीस पाठवलेली असावी किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेलं असावं, त्याला काही अपवाद आहेत, पण टपालाच्या शिक्क्यावरची तारीख हातात असली तर बोलता येतं. याने २८१ सुटत नाही हेही लगेच सांगितलं, म्हणजे उगाच आशा लावली नाही.

हजर राहायच्या दिवशी त्या स्वतः आल्या, ज्युनिअरला पाठवलं नाही. आधी दादाला समजावलं होतं की विचारलेल्याचं खरं उत्तर दे, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, अंदाजाने वेग सांगू नको, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कोणावर करता येत नाही, संविधानाचं कलम २० (३) आहे. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१, पण नोटीस मिळाल्याची आणि कागद दिल्याची सही जरूर करायची, तारीख घालून. ठाण्यात मॅडम कोणावर ओरडल्या नाहीत की कायदा झाडला नाही. तपासी अंमलदारही नीट बोलले, फुटेज आम्ही मागवतो म्हणाले आणि नंतर खरंच मागवलं. मधे एका कर्मचाऱ्याने टायपून ठेवलेला कागद सहीसाठी पुढे केला होता ज्यात "माझ्या हयगयीमुळे" असं होतं, मॅडमनी तो उचलला, वाचला, परत ठेवला आणि सांगितलं हे याचं म्हणणं नाही. एवढंच. एकटा दादा असता तर त्याने घामाघूम होऊन सही करून टाकली असती, मला खात्री आहे.

गाडीचं पण सांगते कारण सीझनमध्ये पिकअप अडकणं म्हणजे दर दिवसाला पेट्या दुसऱ्याच्या गाडीने भाडं भरून पाठवणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ मध्ये आहे की अपघातातली गाडी तपासणी आणि सोपस्कार झाले की २४ तासांत परत द्यायची. आमची तपासणी होऊनही गाडी तशीच उन्हात उभी होती. मॅडमनी कलमाचा उल्लेख करून अर्ज दिला आणि सुपूर्दनाम्यावर (गाडी ताब्यात घेतल्याचं लेखी हमीपत्र) गाडी सुटली, कोर्टात अर्ज करायची वेळ आली नाही.

त्या पोराबद्दलही. तो शेजारच्याच गावचा, आई त्याला बघायला जायला निघाली तर लोक म्हणाले जाऊ नका, चूक कबूल केल्यासारखं होईल. मॅडम म्हणाल्या खुशाल जा, माणसाची विचारपूस करायला कुठला कायदा अडवत नाही, औषधाला मदत करायची तर करा, फक्त स्टॅम्प पेपरवर "आपसात मिटलं" लिहून पैसे देऊ नका कारण २८१ हे तडजोड करता येण्यासारखं कलमच नाही, पैसेही जातील आणि केसही राहील. त्याच्या नुकसानभरपाईचा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, तिथे इन्शुरन्स कंपनी देईल, म्हणून कंपनीला अपघात झाल्याचं लगेच लेखी कळवा. ते पत्रही त्यांनीच करून दिलं, वेगळे पैसे घेतले नाहीत. आई फणस आणि कोकम घेऊन जाऊन आली. पोराची आईही चांगली बोलली.

फी. पहिल्या बसण्याचे ५०० रुपये, मग दोन्ही उत्तरं, सगळे अर्ज, ठाण्यात सोबत येणं आणि गाडी सोडवणं मिळून ६०००, आधीच एका कागदावर लिहून दिलं आणि तेवढेच घेतले, पावतीसह. एजंटने याच्या कितीतरी पट मागितले होते आणि तेही कशाचे ते न सांगता. केस कोर्टात उभी राहिली तर त्याची फी वेगळी, तेही आधीच सांगितलं. निकालाची हमी त्यांनी एकदाही दिली नाही. दोषारोपपत्र दाखल होणार का हे अजून कळलेलं नाही, फुटेजमध्ये पिकअपचा इंडिकेटर आणि थांबलेली गाडी दोन्ही दिसतंय, पुढचं पुढे बघू असं त्या म्हणतात.

आता जे पटलं नाही ते. फोन उचलत नाहीत, दुपारपर्यंत कोर्टात असतात आणि नंतरही मेसेजला उत्तर रात्री उशिरा येतं, ज्याच्या घरी नोटीस आलीय त्याला तेवढा वेळ म्हणजे शिक्षाच. ज्युनिअरने एका अर्जात गाडीचा नंबर चुकीचा टाईप केला होता, माझं लक्ष गेलं म्हणून बरं, नाहीतर फुटेजचा अर्जच वाया गेला असता, त्यामुळे सही करण्याआधी नंबर, तारीख, कलम स्वतः तपासा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा, बाबांचे गुडघे दुखतात तर त्यांना दोनदा टेकावं लागलं. बसायला बाकडी कमी, पावसात छत्र्यांचं पाणी सगळीकडे. या गोष्टी सुधारायला हव्यात, विशेषतः फोनचं, निदान ज्युनिअरने तरी उचलावा.

ज्यांना फीच परवडत नाही त्यांच्यासाठी त्यांनीच सांगितलेलं इथे लिहिते. आम्ही बसलो होतो तेव्हा एक आजी आल्या होत्या, नातवाची केस, हातात पैसे नाहीत. मॅडमनी त्यांना ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं, चिठ्ठी लिहून दिली. तिथे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतली माणसं आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना मोफत वकील मिळतो, १५१०० हा हेल्पलाईन नंबर आहे.

जायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर जा, सोमवारी गर्दी फार. गाडी फ्लायओव्हरखाली लावा. सोबत नोटिशीची मूळ प्रत, लखोटा, आरसी, लायसन, इन्शुरन्स, पीयूसी, गाडीचे चारही बाजूंचे फोटो आणि फिर्यादीची प्रत न्या, ती महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवरून डाऊनलोड होते. आणि नोटीस हातात पडली त्याच दिवशी जा, कारण पंपावरचा डीव्हीआर तुमच्यासाठी थांबणार नाहीय.